शेठ म्हटलं की मागे वळून पाहणारा मालक

“ताई, मी मूळचा सिन्नर तालुक्यातला. आयटीआय, ट्रेड टर्नर. अकरा वर्षं नाशिकमध्ये सातपूरच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये होतो. मग अंबडला भाड्याच्या गाळ्यात एक जुनं लेथ मशीन टाकून जॉबवर्क सुरू केलं. आज तीन सीएनसी, एक व्हीएमसी अशी कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आणि चौदा माणसं आहेत. बायको हिशेब बघते. बाहेरून सगळं छान दिसतं. पण कुणी ‘शेठ’ म्हणून हाक मारली की मी मागे वळून बघतो, मागे दुसरं कुणी उभं आहे का. असोसिएशनच्या मीटिंगला सगळे इंजिनिअर, एमबीए. मी चहा घेऊन कोपऱ्यात. बऱ्याच जणांना मी बी.ई. आहे असं वाटतं, मी कधी दुरुस्त केलं नाही. सीएनसीला मी तासाला ३०० लावतो, शेजारचा तशाच कामाला ४०० घेतो. एवढंच आपल्याला शोभतं असं वाटतं. क्वालिटीवाल्याने पास केलेला लॉट मी रात्री बसून परत मोजतो. एका पार्टीकडे चार महिन्यांचं पेमेंट अडकलंय, फोन करायला मन धजत नाही. आयटीआयने मुलांशी बोलायला बोलावलं तर ताप आलाय म्हणून सांगितलं. आता पुढच्या महिन्यात चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं वेंडर ऑडिट आहे, काम देण्याआधी ते वर्कशॉप तपासणार. भाचा मेकॅनिकल इंजिनिअर आहे, माझ्याकडेच काम करतो. त्यालाच मालक म्हणून बसवू का? मी शॉपवर थांबेन. एक दिवस सगळं उघडं पडेल या धास्तीने झोप लागत नाही.”
— अंबडमधला एक वर्कशॉपवाला

नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ऑडिटची तारीख जवळ आहे. नाही, भाच्याला मालक म्हणून बसवू नका. शेजारी बसवा, फायली त्याच्या हातात द्या, पण मालक तुम्हीच. स्वाभिमान वगैरे गोष्टी मी इथे आणतच नाही. साधा व्यवहार बघा. लघुउद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी तुमच्या नावावर, जीएसटी तुमच्या नावावर, बँकेत सही तुमची. ऑडिटला येणारी माणसं हे कागद मागणारच. टेबलावर एक मालक आणि कागदावर दुसरा असं निघालं, तर ज्या दिवसाची तुम्हाला इतकी वर्षं धास्ती आहे तो दिवस तुम्हीच बोलावून आणलात असं होईल. फसवे ठरू या भीतीने तुम्ही पहिल्यांदाच खरोखर फसवायला निघाला आहात, आणि तेही ज्यांच्याकडून मोठं काम हवंय त्यांना.

आता बाकीचं जरा सावकाश.

मी नोकरीतली बरीच वर्षं बँकेत लघुउद्योगांच्या कर्जाच्या फायली पाहिल्या, त्यातल्या पुष्कळशा सातपूर आणि अंबडच्या. तुमच्यासारखे मालक यायचे. खुर्ची दाखवली तरी कडेला टेकायचे. ‘मॅडम, आपलं शिक्षण काही जास्त नाही’ हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचे, आणि मग विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असायचं: कुठल्या जॉबला किती मिनिटं लागतात, कुठली पार्टी किती दिवसांनी पैसे सोडते, कुठलं मशीन पावसाळ्यात त्रास देतं. उलट लॅपटॉपवर पुढच्या पाच वर्षांचे तक्ते दाखवणारे काही जण विजेचं बिल किती येतं या प्रश्नाला सीएच्या तोंडाकडे बघायचे. यावरून भित्रा माणूसच चांगला मालक असतो असं समजू नका. काही जण घाबरून बँकेचे फोन उचलणं बंद करायचे आणि त्यातच खातं बुडायचं. माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं त्यावरून त्याच्या वर्कशॉपची तब्येत मला कधीच ओळखता आली नाही, म्हणून मी ते विचारायचंच सोडून दिलं आणि ताळेबंद बघायला लागले.

तुम्हाला जे होतंय त्याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात. १९७८ मध्ये पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकेतल्या अटलांटाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर पहिल्यांदा लिहिलं. त्यांनी दीडशेच्या वर स्त्रियांचा अभ्यास केला होता. सगळ्या शिकलेल्या, अभ्यासात किंवा कामात पुढे गेलेल्या, आणि तरी आपण चुकून इथवर आलो, लोकांचा आपल्याबद्दल गैरसमज झालाय, असं त्यांना वाटायचं. पुढच्या अभ्यासांत पुरुषांमध्येही तेच दिसलं. हा आजार नाही. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत त्याचं नाव नाही. पण क्लान्स यांनी याचं जे चक्र सांगितलं ते तुमच्या पत्रात जसंच्या तसं उतरलंय. नवं काम आलं की धास्ती. धास्तीपोटी दुप्पट मेहनत, नाहीतर सरळ टाळाटाळ. काम नीट पार पडलं की ‘नशीब’, किंवा ‘मरमर केली म्हणून झालं’. आणि पुढच्या कामाला पुन्हा तीच धास्ती. तुमची रात्रीची मोजणी घ्या. लॉट ओके झाला की श्रेय त्या मोजणीला जातं. न मोजताही तो ओके झाला असता का, हे तुम्हाला कधी कळतच नाही, कारण न मोजता तुम्ही एकही लॉट सोडलेला नाही.

नोकरीत निदान वर्षातून एकदा कुणीतरी आपलं मोजमाप करतं. साहेब शाबासकी देतो नाहीतर झापतो, इन्क्रिमेंट मिळतं किंवा हुकतं. मालकाला हे सांगणारं कुणी नसतं. एमआयडीसीत तर माल बरोबर असला की फोनच येत नाही. फोन येतो तो रिजेक्शनचा. दहा हजार नग गेले आणि चाळीस परत आले, तर त्या चाळिसांपायी मेलामेली, फोनाफोनी, एखादी चाकणची फेरी. उरलेल्या नऊ हजार नऊशे साठांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. वर्षानुवर्षं फक्त चुकांच्याच बातम्या कानावर आल्या की आपल्या हातून चुकाच होतात असं वाटणारच.

आणि तुमच्या बाबतीत यात आणखी एक भर आहे. बऱ्याच कारखान्यांत कामगाराने केबिनच्या दारावर टकटक करून बाहेर थांबायचं असतं. स्टाफची जेवणाची टेबलं वेगळी, कामगारांची वेगळी. ड्रॉइंगमध्ये काही खटकलं तरी बोलायचं सुपरवायझरने, ऑपरेटरने नाही. अकरा वर्षं रोज आठ तास हे पाळल्यावर ते अंगात मुरतं. पुढे केबिन स्वतःची झाली तरी दाराशी पाय अडखळतो. हा सगळा तुमच्याच मनाचा खेळ आहे, जरा आत्मविश्वास वाढवा, असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. कमीपणा तुम्ही घरून घेऊन आला नव्हता, तो तिथे शिकवला गेला. असोसिएशनच्या मीटिंगला तुम्ही कोपऱ्यात उभे राहता ती जागा तुम्ही त्या जेवणाच्या हॉलमधून उचलून आणलीय.

तोतया कसा असतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पानिपतात सदाशिवरावभाऊ गेले, आणि पुढे आपणच भाऊ असं सांगत एक माणूस उभा राहिला. त्याच्यामागे माणसं गेली, कोकणातले किल्ले त्याच्या ताब्यात गेले, आणि अखेर १७७६ मध्ये पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी त्याला देहदंड दिला. आपण खरोखर भाऊ आहोत की नाही या विचाराने तो रात्र रात्र जागला असेल असं मला तरी वाटत नाही. त्याने दुसऱ्याचं नाव लावलं होतं. तुम्ही कुणाचं काय लावलंय?

इथे मात्र थांबावं लागतं, कारण एक गोष्ट तुम्ही लावलीय: बी.ई. स्वतः म्हणून नाही, पण लोकांना समजू दिलीत. तुमच्या पत्रात दोन-तीन निराळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या गेल्यात, म्हणून ते इतकं जड लागतंय. त्यातली ही एक खरी आहे. छोटी आहे, पण खरी आहे, आणि बाकीच्या सगळ्या खोट्या भीतीला तीच दाणापाणी पुरवते. कुणी तुमचं कौतुक केलं की मनात लगेच येतं, ‘याला माहीत नाही.’ ते कौतुक मग तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही, त्या न केलेल्या डिग्रीच्या खात्यावर जमा होतं.

ती दुरुस्त करायला जाहीर निवेदन वगैरे नको. पुढच्या वेळी कुणी विचारलं, ‘तुम्ही के. के. वाघ इंजिनिअरिंग कॉलेजचे का?’, तर म्हणा, ‘नाही हो, आयटीआय टर्नर. मग अकरा वर्षं मशीनवर.’ आणि चहा प्या. सुरुवातीला एक-दोनदा कान गरम होतील. पण समोरून काय येईल याचा मला बऱ्यापैकी अंदाज आहे. ओझरला १९६४ मध्ये विमानं बनवणारी एचएएल आली, सातपूरला मायको आली, महिंद्रा आली, आणि त्यांच्या भोवती शेकडो गाळे उभे राहिले. त्या गाळ्यांतले कितीतरी मालक मोठ्या कंपन्यांच्या मशीनवरून, टूलरूममधून, मेंटेनन्समधून आलेत. निमा किंवा आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांच्या मीटिंगमध्ये तुम्ही ज्यांना एमबीए समजून बिचकता त्यातले काही जण त्यांच्या मुलाचं शिक्षण सांगत असतात, स्वतःचं नाही. तुम्ही आयटीआय म्हणालात की दोघे तरी जवळ सरकतील. एखादा नाक मुरडेलही. त्याच्याकडून तुम्हाला काम मिळणार नव्हतंच.

आता रेट. ‘एवढंच आपल्याला शोभतं.’ पत्रातलं हे वाक्य मला सगळ्यात जास्त टोचलं. शोभण्याचा आणि रेटचा काय संबंध? मशीनचा हप्ता तुम्हाला शोभेल इतकाच येतो का? महावितरणचं बिल तुमचं शिक्षण बघून कमी होतं का?

एक हिशेब मांडते. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. चोवीस लाखांचं सीएनसी आठ वर्षांत वसूल करायचं म्हटलं तर वर्षाचा घसारा ३ लाख. व्याज सरासरीने १ लाख २० हजार. मेंटेनन्स ६० हजार. दोन ऑपरेटर, महिना १८ हजारांप्रमाणे, वर्षाचे ४ लाख ३२ हजार. गाळ्याचं भाडं, तपासणी, ऑफिस यातला त्या मशीनचा वाटा १ लाख २० हजार. आणि तुमचा नि तुमच्या मिसेसचा पगार. हो, पगार. दोघांचा मिळून महिना ६० हजार धरला आणि चार मशिनांवर वाटला तर एकाच्या वाट्याला १ लाख ८० हजार.

आता तास. दोन शिफ्ट, ३०० दिवस, म्हणजे ४,८०० तास. इथेच बहुतेकांची गफलत होते. सेटिंग, टूल बदलणं, वीज जाणं, ऑपरेटर द्राक्षाच्या हंगामात गावी जाणं, कधी कामच नसणं, हे सगळं वजा जाऊन ७० टक्के हातात राहिले तरी पुष्कळ. ते झाले ३,३६० तास. तासाला ६ युनिट आणि युनिटला १० रुपये धरले तर वीज सुमारे २ लाख. एकूण बेरीज १४ लाखांच्या थोडी वर, भागिले ३,३६०, म्हणजे तासाला साधारण ४२० रुपये. इन्सर्ट (टूलची झिजणारी कापती टोकं), कूलंट आणि नफा यात अजून आलेलाच नाही. हाच खर्च ४,८०० तासांनी भागलात की २९४ येतात आणि तुमचे ३०० एकदम बरे वाटायला लागतात. दुसरी गंमत बघा. तास ३,३६० च धरले, पण घसारा आणि तुम्हा दोघांचा पगार गाळला, तर २७८ येतात. म्हणून ३०० मध्ये महिनाअखेर हातात काहीतरी शिल्लक दिसते. ते तुमच्या दोघांच्या फुकट कामाचे आणि झिजत चाललेल्या मशीनचे पैसे आहेत. मशीन बदलायची वेळ आली की कळेल. शेजारच्याचे तास बहुधा तुमच्यापेक्षा जास्त भरत असतील, म्हणून त्याला ४०० परवडतात.

तुम्हाला हे नीट मांडता येत नसेल तर ती खरी उणीव आहे, आणि मी ती गोड बोलून झाकणार नाही. आयटीआयने तुम्हाला कॉस्टिंग शिकवलं नाही. बी.ई. झाला असतात तरी मशीन अवर रेट स्वतःच्या घामातूनच शिकला असतात. पण ही उणीव दोन-चार बैठकांत भरून निघते. वह्या घरातच आहेत, त्या लिहिणारीही घरातच आहे. ‘बायको हिशेब बघते’ एवढ्या तीन शब्दांत तुम्ही त्यांना उरकलंत. चौदा माणसांचे पगार, जीएसटी, चलनं, पार्ट्यांची बाकी हे सगळं ज्या सांभाळतात त्यांना तुमचा रेट कुठे बुडतोय हे बहुतेक आधीच माहीत असणार. विचारून बघा, आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

जुन्या पार्ट्यांना एकदम सगळे रेट वाढवून पाठवू नका. आधी नव्या इन्क्वायऱ्या योग्य रेटने करा, चाकणची सगळ्यात पहिली. जुन्यांपैकी ज्या जॉबला इन्सर्ट जास्त लागतात किंवा सेटिंग वारंवार बदलावं लागतं असे दोन-तीन निवडा आणि फोड करून रिव्हिजनचं पत्र द्या. एक नियम मात्र कडक पाळा. कोटेशनचा आकडा एकदा हिशेबाने आला की पाठवण्याआधी तुम्ही तो हाताने खाली आणायचा नाही. घासाघीस करायला समोर परचेसवाला बसलेलाच आहे, त्याला त्याचा पगार मिळतो. त्याच्या वाटची घासाघीस आदल्या रात्री स्वतःशी करून टाकू नका. कमीपणा वाटायचा तो वाटू दे. वाटत असतानाही बरोबर आकडा टाइप करता येतो.

पेमेंटचंही तेच. चार महिने झाले म्हणता. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्यागणिक चक्रवाढ व्याज लागतं. एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येत यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असली की उद्योग सूक्ष्म. तुमचा पसारा बघता तुम्ही त्यात बसणार. शिवाय २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकरातही बदल केला: ही मुदत ओलांडली तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला ती रक्कम खर्चात धरता येत नाही. त्यामुळे मार्चजवळ अकाउंट्सवाल्यांनाच घाई असते.

लगेच अडकलेल्या पेमेंटचे तंटे सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे तक्रार करा असं मी म्हणणार नाही. तो रस्ता आहे, जिल्हा उद्योग केंद्रात त्याची माहिती मिळते, पण तिथे गेलं की बहुतेक वेळा ती पार्टी सुटते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आधी फोन. आणि फोन मालकाला नको, अकाउंट्सला करा. बिल नंबर, तारीख, रक्कम समोर ठेवा आणि एवढंच विचारा: ‘ही बिलं कुठल्या तारखेच्या पेमेंटमध्ये आहेत?’ आवाज चढवायचा नाही, माफी मागायची नाही, मुलीच्या फीचं कारण सांगायचं नाही. पुष्कळदा बिल कुठेतरी एंट्रीविना पडलेलं असतं आणि आपण चार महिने त्याचा अर्थ ‘आपली किंमतच नाही’ असा लावत बसतो. तारीख मिळाली की त्याच संध्याकाळी ती मेलवर लिहून कळवा. तारीख उलटली तर दुसऱ्या मेलमध्ये उद्यम नंबर आणि ४५ दिवसांचा उल्लेख येऊ द्या. मन धजत नसेल तर मिसेसनी करावा. बँकेतला माझा अनुभव असा की वसुलीचे फोन बायका जास्त चिवटपणे करतात.

आता पुन्हा ऑडिट, कारण तिथे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुमची बाजू पुष्कळ भक्कम आहे. वेंडर ऑडिटला आलेली माणसं मालकाची डिग्री तपासायला येत नाहीत. कंट्रोल प्लॅन, म्हणजे कुठलं माप कधी आणि कशाने तपासायचं त्याचा कागद, आहे का आणि शॉपवर खरंच तसंच काम होतं का, व्हर्नियर-मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन तारखेत आहे का, फर्स्ट पीसची नोंद आहे का, रिजेक्ट माल लाल बिनमध्ये कुलपात आहे की पलीकडच्या क्रेटमध्ये चांगल्या मालाशेजारी पडलाय, हे ते बघतात. ऑपरेटरला मध्येच गाठून विचारतात, ‘साइज बाहेर गेली तर तू काय करतोस?’ त्यातलं कागदाचं काम भाच्याचं. कॅलिब्रेशनच्या फायली, कंट्रोल प्लॅन, एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला तक्ता) यावर त्याला बोलू दे. त्याचं शिक्षण तिथे उपयोगी पडू दे, आणि त्याची ओळख करून देताना त्याच्या नावाआधी ‘आमचा क्वालिटी इंजिनिअर’ असं अभिमानाने सांगा.

पण एक प्रश्न हमखास येतो: शेवटचं मोठं रिजेक्शन कशामुळे झालं आणि तुम्ही काय केलंत? त्याचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे. एका वर्कशॉपवाल्याने मला एकदा समजावलं होतं की पातळ भिंतीचा बुश, म्हणजे नळीसारखा गोल भाग, चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, जरा जास्त दाबाने धरला की मशीनवर गोल दिसतो आणि सोडल्यावर ओव्हल होतो. त्याने सॉफ्ट जॉ, म्हणजे चकचे मऊ जबडे, त्याच मापाला बोअर करून आणि दाब कमी करून तो प्रश्न सोडवला. हे सांगताना तो माणूस बँकेत आल्यापासून पहिल्यांदा खुर्चीत नीट टेकून बसला होता. तुमच्याकडे असे डझनभर किस्से असतील. त्यातला एक निवडा, काय बिघडलं, का बिघडलं, काय बदललं, पुन्हा झालं का, या क्रमाने मिसेसना एकदा सांगून बघा. त्यांना समजला तर ऑडिटरला समजेल. मराठीत सांगा, हिंदीत सांगा. चाकणहून येणाऱ्यांत मराठी माणसं निघतातच, आणि शॉप फ्लोअरची भाषा सगळीकडे एकच असते. एखादी गोष्ट माहीत नसली तर ‘हे मला आत्ता सांगता येणार नाही, शुक्रवारपर्यंत कळवतो’ म्हणा आणि शुक्रवारी कळवा. ऑडिटर जे घाबरतात ते उत्तर माहीत नसताना थापा मारणाऱ्या वेंडरला. आणि जेवण गंगापूर रोडच्या महागड्या हॉटेलातून मागवायच्या फंदात पडू नका.

रात्रीची मोजणी एकदम बंद करणं तुम्हाला जमणार नाही. या आठवड्यात एक लॉट असा निवडा जो जुना आहे, कधी परत आलेला नाही. तो क्वालिटीवाल्याच्या सहीवर जाऊ द्या, तुम्ही हात लावू नका. मग दुसरा. नव्या जॉबचे लॉट हवे तर अजून काही दिवस मोजा. तुमच्या मोजणीमुळे त्या क्वालिटीच्या माणसाला काय वाटत असेल, हाही विचार करा. त्याच्या सहीला किंमत नाही हे त्याला रोज रात्री कळतं.

झोपेचं मी हलक्यात घेत नाही. ऑडिट होऊन गेल्यावरही झोप परतली नाही, भूक मेली, दारूकडे हात वळायला लागला किंवा जगण्याचाच कंटाळा वाटू लागला, तर हा सल्ला तिथे अपुरा आहे. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात संकोच नको.

राहिली आयटीआय. तापाचं कारण एकदा चालतं. तिथल्या सरांना फोन करून सांगा की बरा झालोय, ऑडिटनंतरच्या कुठल्याही शनिवारी येतो. भाषण लिहू नका. जुनं लेथ मशीन किती रुपयांना घेतलंत, पहिला जॉब कुठून मिळाला, पहिल्या वर्षी किती महिने घरी पैसे देता आले नाहीत, एवढंच सांगा. ती मुलं तुम्हाला पगार किती मिळतो म्हणून विचारतील. त्या दिवसापर्यंत स्वतःचा पगार ठरवून ठेवा, म्हणजे उत्तर देता येईल.

ऑडिटचं काय झालं ते कळवा. आणि नवा रेट काढलात तर पार्ट्यांची नावं खोडून आकडे पाठवा. ४२० च्या वर आले की खाली, हे बघायला मला आवडेल.